दुहेरी काचेची खिडकी

विमानतळालगतच्या घरांमधला आवाज मोजायचा आणि दुहेरी काचांच्या खिडक्या बसवून तो कमी करायचा, हा त्याचा धंदा. म्हणून गल्लीत त्याला सगळे मापाडीच म्हणत. माप घेताना घरात कुणी ब्रसुद्धा काढायचा नाही, हा त्याचा दंडक. एका गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या सासूबाईंना तर शिंक येतेय म्हणाल्या म्हणून त्याने अंगणात पाठवलं होतं.

स्वतःच्या घरी त्याने खिडकी बसवली ती लेकीच्या खोलीत, तिच्या जन्माआधीच. आता पोर पाच महिन्यांची होती, आणि डोक्यावरून विमान गेलं तरी दुपारच्या झोपेत पोरीची पापणी हलत नसे. मापाडी हे गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून सांगायचा.

त्या दुपारी तो आवाज मोजायचा मीटर घेऊनच घरी आला. जाहिरातीच्या पत्रकावर छापायला आकडा हवा होता. पाळण्याशेजारी मीटर उभा केला, विमान आलं आणि आकडा चढला एक्याऐंशी डेसिबलवर. दुहेरी काचेआड तो पंचावन्नच्या वर जायचं काही कारण नव्हतं. त्याने ठरलेल्या मापाचा सूर मीटरला ऐकवून तो तपासला. मीटर ठणठणीत होता. मग त्याने पडदा सारला, तर खिडकी सताड उघडी.

बायकोला विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली, "दुपारी रोज उघडते मी. बंद खोलीत गुदमरायला होतं. आणि तिला कुठे काय त्रास होतो?"

मापाड्याने उघड्या खिडकीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. पोर झोपत होती ती खिडकीमुळे नव्हे. बायकोला सांगायची हिंमत होईना.

थोड्या वेळाने पोर जागी झाली आणि मूठ चोखत पडून राहिली. तो तिला दिसणार नाही असा डोक्यामागे जाऊन उभा राहिला. न कळलेलंच बरं, असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याने जोरात टाळी वाजवली.

मीटर शंभराजवळ गेला. पोर मूठ चोखतच राहिली.

"अहो, माप घेताना आवाज करायचा नाही ना?" बायको स्वयंपाकघरातून चेष्टेने म्हणाली. त्याने पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली.

ती दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि तिचं स्वतःचं हसू गेलं.

"अजून एकदा वाजवा," ती म्हणाली.

त्याने वाजवली. ती धावत येऊन पाळण्यावर वाकली. आईचं तोंड दिसलं, तशी पोर खुदकन हसली.