बिनतारी महाराजांचा शंख

मांजरसुंब्याच्या चारा छावणीच्या फाटकात शंख वाजला आणि गर्दीत एकच कालवा झाला. "गेलं! नाव गेलं!" बायकांनी हात जोडले. कडूबाईची चंद्री गाय मात्र जागच्या जागी उभी होती, शेपटीने माशा वारत. गेलं होतं ते फक्त संगणकातलं नाव.

केजच्या छावणीतला चारा संपत आला होता, म्हणून दूध संघ तिथली जनावरं इकडे हलवत होता. जनावर फाटकाशी आलं, की कारकून आश्रुबा त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर केजला फोनवरून कळवायचा. तिथल्या यंत्रातून नाव निघायचं आणि इथल्या यंत्रात उमटायचं. पण फाटकाशेजारच्या मठातल्या महाराजांनी शंख फुंकला, की निघालेलं नाव इथे पोचतच नसे. असा चमत्कार करणाऱ्या पुरुषाला लोकांनी बिनतारी महाराज हे नाव दिलं, यात नवल ते काय?

"आश्रुबा, एक पेंडी तरी टाक रं," कडूबाई म्हणाली.

"कशी टाकू, मावशे? हितं तुझी गाय न्हाई."

"मंग ही काय हुबी हाय?"

"मशीनमदी न्हाई. अन् केजचं तर खोडलं."

आत जावं तर चारा नाही, परत जावं तर दावण नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दुष्काळात दोन्ही कोरडी! कडूबाईला चंद्रीशिवाय आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. तिने महाराजांकडे वळून हात जोडले.

महाराजांनी सावकाश डोळे उघडले. "माय, वरच्या दरबारात लई मोठं मशीन हाय. त्याला वायर न्हाई, बिल न्हाई. तितनं खोडलेलं खाली कोन लिव्हनार? सांजेच्या आत गाय मठात सोड. देवीची झाली की पोटभर खाईल."

देवीची झालेली जनावरं पुढे कुठल्या बाजाराला जातात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. चंद्री भुकेने फाटकाचं लाकूड चाटू लागली. कडूबाईला ते बघवेना. तिने डोळे पुसले आणि गाय मठाकडे वळवली.

"थांबा, मावशी."

ही शिवकन्या. अंबाजोगाईच्या कॉलेजात संगणक शिकवायची. तक्रारी वाढल्या म्हणून संघाने तिला बोलावलं होतं, आणि सकाळपासून ती आश्रुबाच्या टेबलाखाली खुडबुड करत होती. "महाराज, पुढच्या बैलाचंही नाव घालवा बरं."

"घालवतो की! देवीला काय जड हाय?"

बैल राधाकिशनचा होता. आश्रुबाने केजला फोन लावला. शंख वाजला.

"आलं की बे!" आश्रुबा ओरडला. "नाव आलं!"

महाराजांनी पुन्हा फुंकला, गालांचे भोपळे होईस्तोवर फुंकला. नाव काही हलेना. शिवकन्येने राधाकिशनला मठाच्या भिंतीमागे बघून यायला सांगितलं. तो महाराजांच्या शिष्याला, म्हाळूला, मानगूट धरूनच घेऊन आला. "ह्यो मघापासनं बटन दाबीत बसलाय!"

"इंटरनेटच्या डब्याला वीज मठातून येते," शिवकन्या म्हणाली. "शंख ही खूण. आश्रुबाचा फोन झाला, की महाराज शंख फुंकतात, म्हाळू वीज तोडतो आणि केजने खोडलेल्या नावाचा निरोप वाटेतच मरतो. आज मी डब्याला बॅटरी लावली."

लोक वळून बघतात तो महाराज मागच्या वाटेने पसार.

शिवकन्या पुढे म्हणाली, "पण चूक संघाच्या यंत्राचीही आहे. ते आधी खोडतं, मग कळवतं. मावशी, जनावर विकताना तुम्ही दावं कधी सोडता?"

"घेनाऱ्यानं धरल्यावर. मदीच सोडलं तर जाईल की रानोमाळ."

"यंत्रालाही तेच शिकवते. आधी दोन्हीकडे विचारायचं, तयार का? दोघं हो म्हणाले तरच इथे लिहायचं आणि तिथे खोडायचं. मधेच वीज गेली तर थांबायचं, पण अर्धं काम करून मोकळं व्हायचं नाही."

तिने यंत्राची रीत बदलली, केजला चंद्रीचं नाव पुन्हा लिहायला लावलं आणि ते इकडे आणलं. कडूबाई तिच्या पायाशी वाकली. "तूच माझी देवी, बाई!"

शिवकन्या चटकन मागे सरली. "हे नको! आत्ताच एकातून सुटलात. उद्या मीही चुकेन. माझंही खरं का, ते विचारा."

कडूबाई सरळ उभी राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग तुजं तरी कावून खरं मानू? केजला फोन लाव. मीच इचारते."

"चंद्री मांजरसुंब्यानं घेतली, मावशे," केजहून उत्तर आलं. "हितं हाय," आश्रुबानेही सांगितलं. दोन्हीकडचं जुळलं, तेव्हाच ती गायीला घेऊन आत गेली.

वाचकहो, खरं काय ते शंखाने ठरत नाही, विचारून ठरतं. आणि ज्याला विचारलेलं खपत नाही, त्याच्या हाती आपली गाय देऊ नका.