पोशा नामाची हजेरी

पस्तीस वर्षं विनायकराव शाळेत इतिहास शिकवत होते. बास्तीलचा तुरुंग त्यांनी फळ्यावर पस्तीस वेळा पाडला, रशियाच्या झारला पस्तीस वेळा गादीवरून खाली खेचलं, पण स्वतः मात्र कधी साध्या मोर्चात गेले नाहीत. त्यामुळे उलव्यातल्या त्यांच्या फ्लॅटचे मालक जगनशेठ जेव्हा म्हणाले, "गुरुजी, यंदा आमच्या गव्हाणच्या मिठागरावर हजेरी घ्याल काय? नावं वाचनारा बाहेरचाच लागतो," तेव्हा स्वारी भलतीच खूश झाली. रिटायर झाल्यावर क्रांती आपल्या पायांनी दारात आली, आणखी काय पाहिजे!

हजेरी कसली, ते जगनशेठनी गाडीतच सांगितलं. गोऱ्यांच्या राज्यात गावातल्या बावीस जणांनी सरकारी मिठाच्या कोठाराचं कुलूप फोडलं आणि मीठ घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेब कारकुनाला घेऊन हजेरी घ्यायला आला. जो गैरहजर तो बंडखोर, आणि त्याच्या घराला आग. बावीसही जण तर खाडीकडच्या तिवरांच्या झाडीत लपलेले! मग एकेका नावाला गर्दीतून कुणाचा भाऊ, कुणाचा मेव्हणा 'हाय' म्हणत गेला. कारकुनाला सगळं कळत होतं, पण त्या भल्या माणसानं कागदावरून मान वर केली नाही. साहेब निघून गेला. पुढे एकवीस जण परतले. पोशा नामा परतलाच नाही.

"त्याची लेक भामा. तो पलाला तवा आयच्या पोटात होती. आता पंच्यान्नव वर्सांची हाय," जगनशेठ म्हणाले. "दर साली आमी हजेरी घेतो. घरातला कोन तरी बाप्या 'हाय' म्हनतो. म्हंजे पोशा गावला नाय, आनि मेला पन नाय. फक्त नाव एकदाच घ्यायचं, गुरुजी. दोनदा नाय."

"दोनदा घेतलं तर?"

"कोनी घेतलं नाय," म्हणून जगनशेठनी विषय मिटवला.

दुपारची ओहोटी लागली होती. बांधावर पन्नासेक माणसं, आणि पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत भामाआजी. विनायकरावांनी चष्मा लावला, जगनशेठनी दिलेली यादी उघडली, पेन्सिल काढली आणि वर्गात घ्यायचे तशी नावं घ्यायला सुरुवात केली. जोमा धाया? हाय! हिरा कमळ्या? हाय! झकास चाललं होतं.

"पोशा नामा!"

"प्रेझेंट सर!" भामाआजीचा पणतू मितेश मोबाइलमधून डोकं वर न काढता ओरडला. मागची पोरं फिदीफिदी हसली. आजीचं तोंड एवढंसं झालं.

विनायकरावांचं डोकंच सणकलं. खोटी हजेरी लावणाऱ्यांना उभ्या जन्मात त्यांनी सोडलं नव्हतं. "थट्टा चाललीय काय इथे? ज्याचं नाव आहे त्यानंच बोलायचं!" जगनशेठ "गुरुजी, नको" म्हणेपर्यंत त्यांच्या तोंडून गेलंसुद्धा. "पोशा नामा!"

चिखलातले खेकडे बिळांत शिरले.

"हाय," झाडीतून उत्तर आलं.

आवाज विशी-बाविशीतल्या पोराचा होता. धाप लागलेला. भामाआजी खुर्चीतून अर्धी उठली आणि रडायला लागली. बापाचा आवाज ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

तेवढ्यात विनायकरावांच्या मागे बूट वाजले. ओल्या चामड्याचा आणि चिरुटाचा वास आला. समोरची पन्नास माणसं त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती आणि कुणीच हलत नव्हतं. विनायकरावांची मागे वळायची हिंमत झाली नाही.

"कौन बोला, बाबू? उधर से कौन बोला?"

साम्राज्ये का लयाला जातात, कारणे लिहा, पाच गुण. हा प्रश्न त्यांनी किती वेळा काढला असेल! आणि हे साम्राज्य लयाला बियाला काही गेलं नव्हतं. त्यांच्या मानेवर श्वास सोडत उभं होतं. खरं सांगितलं तर झाडीतला तो पोरगा सापडणार होता.

त्यांनी पेन्सिल मितेशकडे रोखली. "हा बोलला, साहेब. हाच पोशा."

मितेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हाय," तो कसाबसा म्हणाला. "मीच पोशा हाय."

विनायकरावांनी कागदावरून मान वर न करता नावापुढे खूण केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बूट वळले आणि बांधावरून सावकाश रस्त्याकडे जायला लागले.

"गुरुजी," भामाआजीनं त्यांचा हात पकडला. "परत घ्या ना नाव. एकदाच. मला आयकायचाय."

"नको आजी. साहेब अजून लांब गेला नाही. नाव घेतलं की परत येईल."

आजी थोडा वेळ बुटांचा आवाज ऐकत राहिली. मग मितेशच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि झाडीकडे तोंड करून, तिच्या फाटक्या आवाजात जमेल तेवढ्या जोरानं तिनं हाक मारली.

"बा! ए बा!"

बूट थांबले नाहीत. त्या यादीत बा नावाचा कुणीच नव्हता.

झाडीत चिखल डचमळला. कुणीतरी अगदी काठाशी आलं.

"हाय गो बाय," तो म्हणाला. "तू कोनाची?"