झोनटागचं पाणी

ईट गावच्या शिवारात धुळाप्पा आणि धोंडप्पा या सख्ख्या भावांची एक सामाईक विहीर आहे. सोमवार ते बुधवार पाण्याची पाळी धुळाप्पाची, गुरुवार ते शनिवार धोंडप्पाची. रविवार कुणाचा, हे सांगायचं बाप विसरला आणि मेला. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. वैर इतकं कडक, की धुळाप्पाच्या शेळ्या गुरुवारी त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. खोटं वाटत असेल तर गुरुवारी या आणि शेळ्यांनाच विचारा.

या वैरात जर्मन भाषा शिरली ती अशी. धुळाप्पाची नात प्रतीक्षा आणि धोंडप्पाचा नातू प्रेम, दोघंही नर्सिंग शिकलेले. दोघांची नोकरी जर्मनीतल्या दवाखान्यात ठरलेली, फक्त तिकडच्या भाषेची परीक्षा पास व्हायची. अख्ख्या भूम तालुक्यात शिकवणी एकच, भूमला संघपाल सरांची. मग एकाच एसटीनं जाणं आलं. ती ड्रायव्हरच्या मागं बसायची, तो शेवटच्या बाकावर, आणि मधल्या प्रवाशांना दोन्हीकडून झळ लागायची.

सरांची जीभ म्हणजे नुकती धार लावलेली विळी. सगळा राग 'कधी' या एका प्रश्नावर. घड्याळातल्या वेळेआधी 'उम' लावायचं, वाराआधी 'आम', महिन्याआधी 'इम'. मागं सुरू होऊन अजून चालूच असेल त्याला 'झाइट', इथून पुढं सुरू होणाऱ्याला 'आप', आणि पर्यंतला 'बिस'. प्रतीक्षाचं घोडं इथंच अडलं. आपल्या शब्दांना शेपूट असतं, रविवारी म्हटलं की झालं. जर्मनांच्या शब्दांना शिंगं, आणि तीही प्रत्येकाला वेगळी.

"गोळी कधी द्यायची ते तुला सांगता येईना," सर सगळ्यांदेखत म्हणाले. "तिकडं एका दिवसात दवाखाना रिकामा करशील."

शेवटच्या बाकावर प्रेम हसला. त्या हसण्यानं पोरगी पेटली. भाकरी थापताना उम, धार काढताना आम. महिनाभरात म्हैस अशी बिघडली, की मराठीत चुचकारलं तर लाथ झाडायची.

परीक्षेला पुण्याला निघताना धुळाप्पानं बजावलं, "त्यांच्या पोराशी एक शब्द बोललीस, तर ह्या घरात पाऊल टाकू नगंस."

आता तिथं तोंडी परीक्षेच्या जोड्या लावल्या आडनावाच्या क्रमानं. आडनाव एकच, त्यामुळं जोडी लागली ती यांचीच. मी तिथं नव्हतो, म्हणून मला सगळं सविस्तर माहीत आहे. दोघांच्या हातात एकेक आठवड्याचं वेळापत्रक दिलं. एकमेकांना विचारून भेटायची वेळ ठरवायची. ठरली नाही तर दोघंही नापास.

प्रतीक्षाला आधी धुळाप्पाआबांची ताकीद आठवली. मग तिच्या मनात आलं, आबांनी बोलू नको म्हटलं ते मराठीत. तिनं कागद बघितला. सगळे वार भरलेले, रिकामा फक्त रविवार. प्रेमच्या कागदावरही तेच.

"आम झोनटाग," ती म्हणाली. रविवारी. "उम त्सेन." दहा वाजता.

प्रेमचे कान तापले. रविवार आमचा आहे, आज्याच्या काळापासून, असं त्यानं 'झाइट' लावून ठणकावलं. कोणत्या महिन्यात ठरलं ते सांग, ती म्हणाली. "इम माय," तो म्हणाला, मे महिन्यात. मे महिन्यात पाणी विहिरीत होतं, का तुझ्या आज्याच्या डोळ्यांत, असं तिनं अस्खलित जर्मनमध्ये विचारलं. सरांनी सहा महिने घासून जे जमलं नव्हतं, ते आता तोंडातून गोफणीच्या दगडासारखं सुटत होतं.

समोरच्या दोन परीक्षक बायांना वाटलं होतं, ही दोघं कॉफी प्यायला भेटतील. त्यातली एक घड्याळाकडं बघायला लागली. प्रतीक्षाला दिसलं, की रविवार धरून ठेवला तर जर्मनी सुटते.

"बिस त्स्वोल्फ डू," ती दात आवळून म्हणाली. बारापर्यंत तू. "आप त्स्वोल्फ इश." बारापासून पुढं मी.

प्रेमनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं विहिरीवरची मोटारच पळवली.

"गुट," तो म्हणाला. बरं. वेळ ठरली एवढं बघून बायांनी मान हलवली. दोघंही पास.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. धुळाप्पा कडाडला, "नोकरी तुझी, आन् पाणी माझं वाटून आलीस व्हय?"

"आबा, म्या मराठीत एक शब्द बोलले न्हाय."

पलीकडच्या घरातही तशीच आग. रविवारी सकाळीच दोन्ही म्हातारे सौदा मोडायला विहिरीवर हजर. प्रेमनं मोटार चालू केली. धुळाप्पाचा हात बटणाकडं गेला, आणि तिथंच थांबला. बाराच्या आतलं मोडलं तर बारानंतरचं आपलं जातंय. हात मागं आला. बारा वाजले, प्रतीक्षानं पाणी आपल्या कांद्याकडं वळवलं. आता धोंडप्पाचा हात पुढं गेला आणि तसाच मागं आला.

इतक्या वर्षांनी तो भावाशी पहिलं वाक्य बोलला. "ही मोटार म्या हिरीत ढकलून दीन."

"ढकल," धुळाप्पा म्हणाला. "पर तुझ्या येळंत ढकल. आता माझी हाय."