निळ्या काठाची ताटली

"उस्ताद, ही तिसरी फेरी!" अंतर नावाचा इस्त्रीवाला दुकानाच्या दारातून ओरडला. "पृथ्वीसुद्धा दिवसाला एकच मारते!"

रमजी उस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. कैरोत, आपल्याच शुब्रा भागातल्या गल्ल्यांत वाट चुकलो हे कबूल कसं करणार? एका हातात स्वतः काढलेला नकाशा होता, आता त्याने ते वारा घेत होते. दुसऱ्या हातात निळ्या काठाची खोलगट ताटली, तिच्यावर ओला रुमाल, रुमालाखाली महलबिया, तांदळाच्या पिठाची गार खीर. ऑगस्टच्या उन्हात डांबर पाघळत होतं, तिथे दुधाच्या खिरीची काय कथा!

ताटली इन्शिराहची, म्हणजे सामीच्या आईची. शेजार सोडून ती दोन वर्षांपूर्वी इकडे राहायला आली होती. मार्चमध्ये उस्तादांची बायको इस्तिर गेली आणि परवा कपाट आवरताना ही ताटली निघाली. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, हा इस्तिरचा कायदा. तिचं एवढं एकच काम राहून गेलेलं. म्हणून उस्तादांनी जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवला. गुठळ्या झाल्या, पण खीर झाली.

शेवटी त्यांनी वाट विचारली. रसवाल्याने डावीकडे पाठवलं, भाजीवालीने उजवीकडे. एक म्हातारा तर हाताला धरून अर्ध्या वाटेपर्यंत घेऊन गेला आणि मग म्हणाला, "घर कोणाचं म्हणालात?" 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे दारी आलेल्याला उपाशी घालवणं, ते पाप शुब्रात कोणी करत नाही.

चौथ्यांदा इस्त्रीचं दुकान आलं तेव्हा उस्ताद थांबले. घाम पुसून हळूच म्हणाले, "अंतर, बाबा, सामीची आई कुठे राहते? मला... माहीत नाही."

"मग हे सकाळीच नाही का बोलायचं? वर बघा!"

तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून इन्शिराह वाकली होती. "अहो उस्ताद, मघापासून बघतेय! म्हटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल. या वर!"

"गुडघे, सामीच्या आई!"

"माझेही त्याच जातीचे. थांबा."

दोरीला बांधलेली टोपली खाली आली. उस्तादांनी ताटली आत ठेवली. ती वर जाताना अख्खी गल्ली माना वर करून बघत होती.

वर चमचा वाजला.

"खीर केली कोणी?"

"मी."

"तरीच!" गल्ली हसली. मग सज्जातला आवाज जरा खाली आला. "गुलाबपाणी मात्र तिच्याएवढंच पडलंय हो."

टोपली पुन्हा उतरली. आत तीच ताटली, धुतलेली, अंजिरांनी भरलेली.

"अहो, ही ताटली तुमची!"

"माझी? मी तर इस्तिरची समजत होते! वीस वर्षं येते-जाते आहे, कोणाच्या लक्षात राहतंय? गुठळ्या मोडायला शिका आणि आणा परत."

उस्तादांनी नकाशा घडी घालून खिशात टाकला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तांदळाचं पीठ घेतलं, पुडा काखेत मारला. अंजिरांवर रुमाल पसरला आणि अजून खीरच असल्यासारखी ताटली दोन्ही हातांनी सांभाळत ते उन्हातून निघाले.