खिडकीपाशी चावतंय काय?

मी भिंग बोलतोय. हातात धरून पेपर वाचायचं भिंग वेगळं. मी घड्याळजीच्या डोळ्यावर बसणारा. काळ्या नळीत बसवलेली बोटाच्या पेराएवढी काच, एवढाच माझा पसारा.

माझी काच कुणी घासली ते मला आठवत नाही. माझा मालक मात्र पक्का आठवतो. एकेचाळीस वर्षं त्यानं मला उजव्या डोळ्याच्या खोबणीत धरलं. लोक बंद घड्याळ घेऊन यायचे आणि हमखास म्हणायचे, "काल तर चालू होतं." चार महिने बंद पडलेलं घड्याळसुद्धा कालच चालू असायचं. मालक हसायचा नाही. झाकण उघडून शांतपणे बघायचा.

पुढे त्याचे हात थरथरायला लागले. दुकान बंद झालं आणि मी टेबलाच्या खणात जाऊन पडलो. घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलगी शाळेत शिकवायची. ती गेली की त्याचं सगळं करायला कामाला ठेवलेल्या मावशी यायच्या. अंघोळ, जेवण, औषधं, दाढी. त्याला न दुखवता त्याची दाढी करणं फक्त त्यांनाच जमायचं.

एक दिवस मालकाच्या डाव्या हातावर लाल पुळ्या उठल्या, मग मानेवर. खाजवून खाजवून कातडं सोललं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, काहीतरी चावतंय, घरात शोधा. मुलीनं चादरी उकळल्या, उशा उन्हात टाकल्या, कोपऱ्याकोपऱ्यात औषध फवारलं. पुळ्या थांबेनात.

मग तशाच पुळ्या मावशींच्या मनगटावर दिसल्या आणि मुलीनं मनाशी ठरवूनच टाकलं की ढेकूण मावशींच्या घरातूनच येताहेत. तिनं आवाज चढवला नाही. ढेकूण तुमच्याकडून येताहेत, थोडे दिवस येऊ नका, एवढंच सांगितलं. मावशी वाद घालत बसल्या नाहीत. मालकाच्या गोळ्यांच्या वेळा पुन्हा एकदा सांगून त्या निघून गेल्या.

मुलीनं शाळेतून रजा घेतली. दुसऱ्या दिवशी मालकानं दाढी करू दिली नाही, तो धड जेवलाही नाही. शेवटी म्हणाला, "माझं भिंग दे."

हात थरथरत होते, पण मला हात लागतच नाहीत. डोळ्याची खोबण पुरते. त्यानं मुलीला गादी उलटी करायला लावली आणि शिवणीचा बोटबोट भाग तपासला. ढेकूण असते तर तिथं काळे ठिपके सापडले असते. एकही नव्हता.

मग त्यानं मुलीला विचारलं, तुला का चावत नाही? उत्तरही त्यानंच दिलं, "तू दुपारी घरी नसतेस. मला खाज सुटते ती दुपारीच, खिडकीत बसलो की. आणि डाव्याच हाताला. तो चौकटीवर असतो."

मुलीनं चौकटीवर चिकटपट्टी दाबली आणि उचलून त्याच्यासमोर धरली. तिला लागलेली नुसती धूळ वाटली असती, पण मला पाय दिसले. खसखशीहून बारीक किडे. एकाचं पोट लाल होतं, मालकाच्याच रक्तानं.

मुलगी स्टुलावर चढली. खिडकीच्या वर, छज्ज्याखालच्या सांदीत कबुतराचं रिकामं घरटं होतं. पिल्लं उडून गेलेली. त्यांच्या अंगावरचे किडे उपाशी राहिले आणि फटीतून आत उतरले. तिनं हातमोजे घालून घरटं काढलं, चौकट साबणानं धुतली, फट बुजवली. चार दिवसांत नवी पुळी उठायची थांबली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती मावशींकडे जाऊन आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"बाबा, मी म्हटलं ते त्यांना खरं वाटलं. स्वतःची गादी फेकून दिली त्यांनी. फरशीवर झोपतात."

मालक म्हणाला, आपल्या कपाटावरची नवी गादी घेऊन जा, आत्ताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. मालकानं त्यांच्या हातात मला दिलं, चिकटपट्टी दाखवली. मावशींनी मला डोळ्याला लावलं.

"एवढंसं?" त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून सावकाश बोलल्या, "ताई, पुढच्या वेळी आधी मला विचारा. मलाही त्या खिडकीपाशीच खाजायचं. मी सांगितलं असतं."

मुलीनं मान खाली घातली. "चुकलं माझं," ती म्हणाली. मावशींनी दाढीचं पाणी गरम करायला ठेवलं.

सध्या मी मालकाच्या चष्म्याशेजारी असतो. नळीला तडा गेलाय, काचेवर एक ओरखडा आहे. तरी अजून नीट दिसतं. बारीक वस्तू मोठी करून दाखवणं हेच माझं काम. संशय मात्र माझ्याशिवायच मोठा होतो. म्हणून एवढंच मागणं आहे: कुणाकडे बोट दाखवायची वेळ आली, तर मला शोधत बसू नका. आधी त्या माणसाशी बोला.