घरातली सोयरीक

मंठाळ गावात कुणी विचारलं, लेक कुठं दिली, की नागूबाई ठसक्यात सांगायची, "माझ्याच भावाला. परक्याच्या दारात कामून टाकू?" भाचीनं मामाच्या घरात नांदायचं, ही त्यांची जुनी रीत. घरातलीच सोयरीक म्हणून तिनं साधी चौकशीही केली नाही. त्याच भावानं, शिवराजनं, तिच्या दोन जिवाच्या लेकीला, विजयश्रीला, कुऱ्हाडीनं तोडलं. खालच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली, तेव्हा गावात फटाके वाजले.

आता फाशी कायम होणार की नाही, ते कलबुर्गीच्या वरच्या कोर्टात ठरायचं होतं. त्याआधी नागूबाईची आई, सुशीलाबाई, प्रभुलिंग वकिलाला घेऊन दारात आली. कागदावर लिहिलं होतं: मी मयत मुलीची आई, आरोपीला फाशीऐवजी जन्मठेप द्यावी.

"कर अंगठा, नागू. एकच लेकरू हाय माझं."

नागूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "आन मी कुणाची? माझीबी एकच हुती!"

"गेलेली माघारी येती का? त्येचा निसता जीव राहू दे. दुसरं काई मागत न्हाई."

नागूबाईनं वकिलाकडं पाहिलं. "जन्मठेप म्हंजे किती वरीस?"

"चौदा वर्षांनी सुटकेचा अर्ज करता येतो, अक्का."

विजयश्रीची पोर अंगणात खेळत होती. चार वर्षांची. चौदा वर्षांनी ती अठराची होणार, हीच माणसं तिची सोयरीक जुळवणार, आणि तो खुनी नवा फेटा बांधून बाप म्हणून मांडवात मिरवणार! नागूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लिवा वकीलसाब. फाशी नको. पर मरेपतूर त्येला भाईर काढू नका. असं मागता येतंय का?"

"येतं. कोर्ट तसा निकाल देऊ शकतं." वकिलानं पेन काढलं.

सुशीलाबाईनं त्याचा हात धरला. "असलं नगं लिवू! मग घरला कवा यील त्यो?"

"कवाच न्हाई. जीव मागितलास, जीव देते. घर न्हाई."

"घरला येनार न्हाई तर जित्ता राहून काय करायचंय?"

भावाचासुद्धा आला नव्हता एवढा राग नागूबाईला त्या क्षणी आईचा आला. तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

"लिवलं का, साब?"

सुशीलाबाईनं कागद हिसकावला आणि टराटरा फाडून टाकला.