गाळ्यातले दहा मीटर

रश्मी आंगणे काळाचौकीला राहायची, दादरच्या एका डेंटल लॅबमध्ये दात बनवायची आणि उरलेल्या वेळात एअर रायफल चालवायची. गेले तीन महिने तिचा नेम बिघडला होता. गाल रायफलीला टेकलेला, श्वास अर्धा सोडलेला, सगळं जुळून यायचं आणि मध्येच एखादा छर्रा दहाऐवजी डावीकडे नवाच्या वर्तुळात जाऊन बसायचा.

रेंजवरच्या मैत्रिणी म्हणाल्या, मनावर काम कर. तिच्या कोच सुमेधाताई मात्र म्हणाल्या, "मन नंतर बघू. आधी छर्रे बदल. प्रत्येक नळीचा आपला एक छर्रा असतो. तो शोधावा लागतो गं."

रश्मीने पाच वेगवेगळ्या बनावटीचे डबे आणले. निळा डबा सगळे नामवंत नेमबाज वापरत, म्हणून तीही तोच वापरत आली होती. बाकीच्या चारांची नावं कुणी फारशी घेत नसे. आत मात्र सगळीकडे तेच दिसत होतं: शिशाचे इवले डमरू, कमरेत बारीक, खाली घेर. फरक डोक्याच्या मापात, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा.

आता रायफल घट्ट धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं, म्हणजे माणसाचा हात मध्ये येणार नाही. ती कुशाबाकाकांकडे गेली. काका तिच्या वडिलांबरोबर गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी चिंचपोकळीला लेथचा गाळा घेतला. गाळा अरुंद आणि लांबच लांब. टेप लावला तर स्पर्धेत असतं तेवढं दहा मीटर अंतर सहज निघालं. आठवडाभरात काकांनी लोखंडी शिकंजा बनवला, जबड्यांना आतून चामडं लावलं आणि पलीकडच्या भिंतीशी जाड पत्रा आणि वाळूची पेटी उभी केली.

रविवारी दुपारी लेथ बंद होता. रश्मीने आधी छर्रे निवडायला घेतले. लॅबमधला नाजूक काटा आणला होता, त्यावर एकेक वजन करायचं, मग काचेवर ठेवून हलकेच ढकलायचं. चांगला छर्रा काचेवर सुरेख कमान काढत वळायचा. घेर चेपलेला असला की अडखळायचा. छतातल्या काचेतून ऊन उतरलं होतं. त्यात धातूची धूळ संथ तरंगत होती. एक छर्रा, एक कमान, पुन्हा एक. हळूहळू तिला वाटायला लागलं की आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी हे रुपेरी दाणे एकेक करून सोडतंय. किती वेळ गेला ते कळलं नाही. समोर ठेवलेला चहा गार झाला होता.

"चेडवा, झोपलंस काय गो?" काका म्हणाले. "बंदूक हयसर लाव. आणि आता तू बाजूक हो."

ती बाजूला उभी राहिली आणि हात लांब करून फक्त चाप ओढला. रायफल जागची हलली नाही. इतकी वर्षं खांद्यावर घेतलेली वस्तू आज तिच्याशिवायच नेम धरून होती. आपण इथे नसलो तरी चालेल, असं तिला वाटलं, आणि त्याचं वाईट वाटण्याऐवजी अंग हलकं झालं.

निळ्या डब्यातले पाच छर्रे कागदावर विखुरले. त्यातले दोन डावीकडे, अगदी तिच्या ओळखीच्या जागी. दुसरा डबाही तसाच. तिसऱ्या, कुणी नाव न घेणाऱ्या डब्यातले पाच मारून ती कागद आणायला गेली आणि तिथेच थांबली. पाच छर्रे, भोक एकच. पुन्हा पाच मारले. तेच.

"काका, माझा हात नव्हता चुकत," ती म्हणाली.

"तुझो हात नाय चुकत होतो."

तिसऱ्या डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "पण आता नेम चुकला तर तो दोष माझाच असणार."

"मगे बरा मा," काका हसले. "आपली चूक आपल्याक सापडतली."

राज्य संघाच्या निवड चाचणीत साठ शॉट होते. पहिले चाळीस कसे गेले ते तिला नंतर आठवेना. समोर काळा ठिपका होता आणि भोवती नुसता उजेड. एकेचाळिसावा गेला आठ पूर्णांक नऊवर. चाप ओढताना तिचं बोट घाईला आलं होतं, ते तिला गुणांचा पडदा बघण्याआधीच कळलं. तिने रायफल खाली ठेवली, डोळे मिटले, मनात म्हणाली, माझा. मग उरलेले एकोणीस शांतपणे मारले. निवडलेल्यांच्या यादीत चौथं, शेवटचं नाव तिचं होतं.

पेढे घेऊन ती गाळ्यावर गेली. काकांनी पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि लाजत विचारलं, "माका एक मारूक देशीत?"

तिने त्यांच्या खांद्याला रायफल लावून दिली. नळीचं टोक ठिपक्याभोवती फिरत राहिलं. बराच वेळ लागला. मग फट् आवाज झाला.

"किती?"

"दोन, काका."

"दोन?" काका खूश झाले. "म्हणजे कागदार लागलो मा!"

त्यांनी तो कागद छतातल्या उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटून त्या भोकातून वर बघत राहिले.